बिनहाराचा फोटो

गणपती पाण्यात गेले की आमच्या बोरीवलीत दोन-तीन दिवस कान बधिर झाल्यासारखं वाटतं. मांडवांचे बांबू सोडून रस्त्याच्या कडेला रचलेले असतात, गटाराच्या जाळीवर सोनेरी कागदाचे कपटे अडकलेले असतात. मग एका सकाळी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर कावळे जमू लागतात. एरवी ज्यांना हाड्‌हुड् करून हाकलायचं त्यांना या दिवसांत अहो-जाहो सुरू होतं. चांगले सुटाबुटातले साहेब गच्चीवर पान ठेवून, मान वर करून, 'काव काव' करत आर्जवं करताना मी पाहिलेत. कावळेही पक्के. भाव खातात, वडा तोंडात धरतात, टाकतात, दुसऱ्या गच्चीवर जातात. पितृपंधरवडा आला म्हणायचं.

या पंधरवड्याला लोक नावं ठेवतात. नवी वस्तू घ्यायची नाही, लग्नाची बोलणी करायची नाहीत, घर बघायला जायचं नाही. पण हवा बघा ना जरा. पाऊस पुरता गेलेला नसतो, ऊन पुरतं आलेलं नसतं. सकाळी सर येते आणि दुपारी असं लख्ख ऊन पडतं की आठवडाभर आंबट वास मारणारे कपडे दोन तासांत कडक होतात. राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला ओल्या पाचोळ्याचा वास असतो. जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळी फोडणी. कुठे अळूचं फदफदं, कुठे लाल भोपळा, कुठे उडदाचे वडे. मेलेल्या माणसांच्या आवडीनिवडी एवढ्या मनापासून जपणारा दुसरा काळ नाही. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा त्यांना मधुमेह होता, आता त्यांच्या पानात दरवर्षी दोन वाट्या खीर असते.

आमच्या घरी मात्र कित्येक वर्षं या दिवसांत जिद्दीने नेहमीचा स्वयंपाक व्हायचा. पोळी, भाजी, वरण, भात. आई तर वडे तळायचे म्हणून दिवाळीपर्यंत थांबायची.

कारण आमच्या घरात गेलेलं कुणी नव्हतं. आमच्याकडे फक्त न आलेला माणूस होता.

मी नववीत असताना बाबा सकाळी कामावर गेले ते परत आले नाहीत. मुलुंडच्या एका कारखान्यात ते फिटर होते. असेच गणपती होऊन गेले होते. अंगात आकाशी शर्ट, हातात डबा, डब्यात गवारीची भाजी. मी शूज पॉलिश करत होते, तेव्हा 'दोन्ही बाजूंनी कर गं, टाचेकडे विसरतेस,' असं म्हणून ते जिना उतरले. संध्याकाळी कळलं की ते कारखान्यात पोचलेच नव्हते. मग पोलीस चौकी, इस्पितळं, वर्तमानपत्रातला चौकोनी फोटो, नातेवाइकांचे तर्क. भांडण झालं होतं का? नाही. कर्ज? नाही. डोक्यावर परिणाम? असं विचारणाऱ्याला आईने दारातूनच परत पाठवलं. उत्तर मिळालं नाही, आणि आजतागायत मिळालेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कुणी शेवटापर्यंत आशा लावून बसायला नको.

वर्तमानपत्रात दिलेला तोच फोटो आईने मोठा करून घेतला आणि फ्रेम करून शोकेसवर टीव्हीशेजारी उभा ठेवला. भिंतीवर लावू दिला नाही. 'भिंतीवर गेला की माणूस गेला,' असं तिचं म्हणणं. घरी नवीन कुणी आलं की सवयीने त्या फोटोपुढे हात जोडायचं, आणि आई तितक्याच सवयीने म्हणायची, 'नको नको, ते आहेत.' समोरच्याचे जोडलेले हात मग कुठे ठेवायचे ते त्याला कळायचं नाही. एकदा शेजारच्या नव्या सुनेने प्रेमाने मोगऱ्याचा गजरा फ्रेमला अडकवला. आईने तो काढला, तिच्याच अंबाड्यात माळला आणि चहा टाकला. ती मुलगी पुन्हा फुलं घेऊन आली नाही, पण चहाला रोज येऊ लागली.

या दिवसांतलं ऊन दुपारी आमच्या गॅलरीच्या ग्रिलमधून थेट शोकेसवर येतं. ग्रिलच्या सावलीची जाळी हळूहळू सरकत बाबांच्या गळ्यापर्यंत पोचली की आई हातातलं काम टाकून उठते आणि फोटो बाजूला सरकवते. मी एकदा म्हटलं, 'फोटोचा रंग उडेल म्हणून का गं?' तर म्हणाली, 'रंगाचं काय घेऊन बसलीस? ऊन लागतं त्यांना.'

असाच पंधरवडा होता तो, ज्याची मला दरवर्षी आठवण येते. तेव्हा मी एका रहस्यपटाच्या कलाविभागात काम करत होते. सेट सजवणं हे माझं काम. भिंतीवर काय, टेबलावर काय, देव्हारा कुठे, कॅलेंडर कुठल्या सालचं. पितृपंधरवड्यात कुणी नव्या सिनेमाचा मुहूर्त करत नाही, म्हणून शूटिंगच्या जागा रिकाम्या मिळतात. आमच्या निर्मात्याने तेवढं बरोबर हेरलं होतं. 'आपल्या पिक्चरात तसेही मुडदेच आहेत, पितर खूश होतील,' असं तो म्हणायचा. आरे कॉलनीच्या आतल्या अंगाला एक जुनं बैठं घर मिळालं होतं. कौलांवर शेवाळ, मागे झाडोरा, वारा फिरला की गोठ्यांचा उबट वास. कुंपणाला तेरडा इतका माजला होता की कॅमेरावाल्याने त्याच्यावरच अर्धी सकाळ घालवली.

गोष्ट मला मनापासून आवडली होती. आजच्या काळात एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्याचा त्याच्या दुकानात खून होतो. तपास करणारी बाई मागे मागे जाते, तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्याच वस्तीतून एक कॉलेजातली मुलगी नाहीशी झालेली. तिची आई अजून वाट पाहते आहे. तिच्या घरी मुलीचा फोटो आहे आणि त्याला हार नाही. तपासवाली मग त्या मुलीच्या मामाकडे जाते. मामा वस्तीतला मोठा माणूस, त्याच्याकडे पूर्वजांच्या रांगेत भाचीचाही फोटो आहे. आणि त्याला चंदनाचा जुना, काळवंडलेला हार आहे. आई वाट बघतेय आणि मामाने हार घातलाय. ती गेली हे त्याला कुणी सांगितलं? मामाने हार कधी घेतला ते फ्रेमवाल्याला आठवत होतं, म्हणून तो मेला. दोन्ही गुन्ह्यांची गाठ त्या एका हारात.

पटकथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मी आरेच्या बसमध्ये होते. हारापाशी आले आणि माझा उतरायचा थांबा गेला.

आता गंमत पहा. एवढं सगळं ज्या हारावर उभं, तिथेच आम्ही माती खाल्ली. मुलीच्या आईच्या घरातला मुख्य प्रसंग होता. म्हातारी आई फोटोशी बोलते आणि तपासवाली दारातून बघते. सकाळपासून शूटिंग चाललं. मी शेजारच्या खोलीत मामाचं घर लावत होते. चार वाजता मॉनिटरपाशी आले, झालेला प्रसंग पाहिला. आईच्या घरातल्या फोटोला चंदनाचा हार होता. सामान सांभाळणाऱ्या विलासदादाने सकाळी फोटो खिळ्याला लावला आणि पिशवीतून हार काढून घातला होता. आमच्या सामानाच्या पेटीत देवाच्या तसबिरी, घड्याळं तसे चंदनाचे हारही जुडीने असतात. गेलेल्या माणसाचा फोटो म्हणजे हार, याच्यात त्याने विचार करण्यासारखं काय होतं? आणि तो एकटा नव्हे. दिग्दर्शक, कॅमेरावाला, सहायक, सगळ्यांनी पटकथा कोळून प्यायलेली, सगळे दिवसभर त्याच फोटोकडे बघत होते. कुणाच्याही डोळ्याला तो हार खुपला नाही. भिंतीवरच्या फोटोला हार असतोच. आपल्या लोकांना तो दिसायचाच बंद झालेला असतो.

'विलासदादा, हार का घातलास?' मी विचारलं.

'मग काय उघडा ठेवू का? बरं दिसतं का ते?' तो म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याने कपाळाला हात लावला. 'आयला, ही सापडलेली नाय ना अजून!'

दिग्दर्शक निनाद वांद्र्याचा, तरुण, हुशार मुलगा. त्याचा चेहरा उतरला. 'वाट लागली यार. बाहेरची लाइट चाललीय, उद्या हे घर आपल्याकडे नाही.' मग जरा सावरून म्हणाला, 'चिल. हार कॉम्प्युटरवर पुसून टाकू. कुणाला कळणार?'

'माझ्या आईला कळेल,' मी म्हणाले.

सेटवर कुणाला माझ्या घरचं माहीत नव्हतं. सांगायची माझी इच्छाही नव्हती. पण त्या दिवशी मला मागे हटायचं नव्हतं, म्हणून भरल्या सेटवर सांगितलं. बाबा, आकाशी शर्ट, शोकेस, जोडलेले हात, सगळं. म्हटलं, 'निनाद, हार पुसशील रे, पण ताईंनी जे काम केलंय ते हार घातलेल्या फोटोसमोर केलंय. त्या ज्या रडल्यात ना, ते मेलेल्या मुलीसाठी रडल्यात. ते कशाने पुसणार?'

आईचं काम करणाऱ्या ताई खुर्चीत मेकअप उतरवायला बसल्या होत्या. जुन्या रंगभूमीवरच्या बाई. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. 'खरं बोलतेय ही,' त्या म्हणाल्या. 'मला सकाळपासून वाटत होतं, मी श्राद्धाला बसल्यासारखी का बोलतेय? ए निनाद, पुन्हा लाव सगळं. उजेड आहे तोवर करू.' आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, 'तुझी आई काय करते गं फोटोसमोर?'

मी सांगितलं.

उजेड होता तोवर झालं सगळं. फोटो भिंतीवरून खाली आला, कपाटावर उभा राहिला. लाइटवाल्यांनी खिडकीतून पिवळं ऊन आत सोडलं. ताई या वेळी रडल्या नाहीत. भाजी निवडता निवडता उठल्या, पदराने काच पुसली आणि फोटो उन्हातून सावलीत सरकवला. बस. पुन्हा येऊन भाजी निवडायला लागल्या. 'कट' म्हणायला निनादला बराच वेळ लागला. मी बाहेर तेरड्यापाशी जाऊन उभी राहिले आणि मनसोक्त रडले. मला रडायची परवानगी होती, मी सिनेमात नव्हते.

घरी येऊन आईला सगळी गोष्ट सांगितली. तिने खुनाचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, 'हार काढायला लावलास ना? मग झालं.'

त्याच आठवड्यात सुभाषकाका आला. हा बाबांचा धाकटा भाऊ, मुलुंडला राहायचा. बाबा गेल्यापासून, नाही, बाबा आले नाहीत तेव्हापासून आमचं सगळं त्यानेच पाहिलं. माझी फी, घराचं प्लास्टर, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग रीतसर क्रियाकर्म करायचं, असा आपल्याकडे विधी आहे. ती बारा वर्षं कधीच उलटली होती. काका दरवर्षी पंधरवड्यात हा विषय काढायचा आणि दरवर्षी आई त्याला दुसरा चहा द्यायची. त्या वर्षी मात्र तो गुरुजींशी बोलूनच आला होता.

'वहिनी, या सर्वपित्रीला करून टाकू. सगळ्यांचं नाव घेतो मी, आबांचं, आईचं, आणि दादापाशी आलो की गप्प बसतो. बरं दिसत नाही. एकदा केलं की फोटोला हार घालू, तुम्हीपण मोकळ्या.'

आई शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, 'भाऊजी, हिच्या पिक्चरमध्ये जो पहिल्यांदा हार घालतो ना, तोच खुनी निघतो.'

ती हे थट्टेत बोलली होती. निदान सुरुवात तरी थट्टेची होती. पण काकाने चहाचा कप खाली ठेवला. मला गोष्ट सांगितल्याचा भयंकर पश्चात्ताप झाला. काका एरवी आमच्यासारखंच मुंबईचं बोलायचा, पण मन हललं की थेट गावच्या बोलीवर यायचा.

'वयनी,' तो म्हणाला, 'मी सगळे दवाखाने फिरलंय. तुमका सांगूक नाय. खंय बेवारस कोण गावलो की पोलीस माका बोलवायचे. चादर वर करायचे. ह्यो दादा नाय, असां म्हटलां की माका बरां वाटायचां. घराक येऊन मी जेवायचंय. दुसऱ्याचो मुडदो बघून माका बरां वाटायचां, वयनी! आता माका ता बरां वाटणां नको. माका एकदा भावासाठी रडूक व्हया.'

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. इतक्या वर्षांत तिने तिच्या वाट बघण्याला कुणाचा धक्का लागू दिला नव्हता, पण त्या वाटेवर आणखी कुणी उभं आहे हे तिने पाहिलं नसावं. मीही पाहिलं नव्हतं. ती उठली, काकासाठी पाणी आणलं आणि तो पाणी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

मग म्हणाली, 'तुम्ही करा. भाऊ म्हणून तुमचा हक्क आहे, मी आड येणार नाही. पण मी बायको म्हणून करणार नाही. माझं कुंकू राहील आणि या घरात फोटोला हार येणार नाही. चालेल?'

'चालात,' काका म्हणाला.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याला मी पटकन ओळखलंच नाही. मिशी काढलेली, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. पण खांदे उतरले होते, ओझं ठेवून आल्यावर हमालाचे उतरतात तसे. आईने त्याला एकदा नीट पाहून घेतलं. तो आत आला, शोकेसपाशी थांबला. भावाला अग्नी देऊन आलेला माणूस तो, पण त्या फोटोपुढे त्याने हात जोडले नाहीत. 'काय दादा,' एवढंच म्हणाला, पूर्वी म्हणायचा तसं, आणि पंख्याखाली जाऊन बसला. आईने त्याला पान वाढलं. गवारीची भाजी होती, मला आठवतं.

त्यानंतर शेवटपर्यंत तो असाच वागला. मुलुंडला त्याच्या घरी बाबांचा फोटो भिंतीवर, हार घातलेला. बोरीवलीला आमच्याकडे 'काय दादा'. कुणी त्याला विचारलं, अरे तुझा भाऊ आहे की नाही नक्की, तर म्हणायचा, 'कुठल्या घरी विचारतोयस त्यावर आहे.' लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. एका माणसासाठी दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी करू शकतात आणि एकाच ताटातली कोशिंबीर वाढून घेऊ शकतात, हे मी त्या पंधरवड्यात शिकले.

सिनेमा आला आणि गेला. फार चालला नाही. आम्ही तिघं बोरीवलीतच पाहायला गेलो होतो. खुनी कोण ते काकाला आधीच माहीत होतं, तरी हाराच्या प्रसंगी तो पुढे सरकून बसला. आणि ताईंनी फोटो उन्हातून सरकवला तेव्हा आमच्या मागच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईने मोठा श्वास घेतला. आईने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांची काही ओळख नव्हती, पण बाहेर पडताना आई तिच्यासाठी जिन्यात थांबली. दोघी काय बोलल्या ते मला तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सुभाषकाका जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेला. त्याचा फोटो आईने मागून घेतला आणि स्वतः स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकला. मला हात लावू दिला नाही. आज त्याची तिथी आहे. मुलुंडला त्याचा मुलगा सगळं करतो, पण आमच्या घरातही आता गेलेलं माणूस आहे, त्यामुळे आईने यंदाही उडदाचे वडे तळले. इतकी वर्षं शेजाऱ्यांकडून फक्त वास येणारा पदार्थ आमच्या स्वयंपाकघरात. गच्चीवर पान ठेवायला मी गेले. कावळ्याने जराही भाव खाल्ला नाही, पहिल्या हाकेला आला. काकाचा स्वभावच तसा होता, कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही त्याने.

खाली आले तेव्हा दुपार कलली होती. काकाच्या फोटोला आईने झेंडूचा ताजा हार घातला होता. गॅलरीतून ऊन आत आलं होतं, ग्रिलची जाळी शोकेसवर चढत होती. आई सत्तरीची आहे, गुडघे धरून उठते. उठली, बाबांच्या फ्रेमची काच पदराने पुसली आणि फोटो सावलीत सरकवला. वर भिंतीवर काकाचा अर्धा चेहरा त्याच उन्हात उजळला होता. मी सहज त्याच्या फ्रेमकडे हात नेला.

'असू दे गं,' आई म्हणाली. 'भाऊजींना आता ऊन लागत नाही.'